राजश्रीच्या घरची फायरवॉल

"बाई, हे ह्याला चालंल काय?"

या एका प्रश्नापायी माझी सगळी उमेदीची वर्षं गेली. गिऱ्हाईक दारात उभं राहायचं. हातात मेमरीचा तुकडा असायचा, नाहीतर मेव्हण्यानं मुंबईहून आणलेलं मॉडेम, नाहीतर दुसऱ्या कुठल्या तरी मशीनमधून काढलेला पंखा. आणि विचारायचं, माझ्या कॉम्प्युटरला हे चालेल का. लोकांना वाटतं कॉम्प्युटरची दुरुस्ती म्हणजे फार बुद्धीचं काम. बुद्धी थोडी लागतेच. पण बाकीचा दिवस कशाचं कशाशी जमत नाही हे शोधण्यात जातो. सोयरीक जुळवण्यासारखाच धंदा, फक्त दोन्हीकडची मंडळी मुकी.

राजारामपुरीतल्या एका गल्लीत माझं दुकान होतं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून नव्वदच्या दशकात मी ते टाकलं, तेव्हा लोक आत डोकावून विचारायचे, "दुरुस्ती करणारं कोन हाय?"

"मीच."

"न्हाय, म्हंजे मालक?"

"मालकपण मीच."

मग जरा वेळ इकडं तिकडं बघून माणूस खुर्चीवर टेकायचा. काही वर्षांनी हे विचारणं थांबलं. आता माझे गुडघे थांबलेत. कॉम्प्युटर नेहमी टेबलाखाली ठेवतात आणि त्याच्या तारा नेहमी भिंतीकडच्या बाजूला असतात. त्या तारांपुढे मी जेवढे गुडघे टेकले तेवढे देवापुढे टेकले नसतील. धुळीनं नाक कायमचं बिघडलं ते वेगळंच. दुकान मी दुसऱ्याला देऊन टाकलं. तिथं आता मोबाइलची कव्हरं लटकतात.

कामाबद्दल लिहा म्हटल्यावर खरं तर बँकांची, कारखान्यांची मोठी कामं आठवायला हवीत. पण डोळ्यांपुढं येतं ते उत्तरेश्वर पेठेतलं एक दोन खोल्यांचं घर, आणि एका फुकटच्या सॉफ्टवेअरपायी केलेली वणवण.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आपल्याकडं ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. राजश्री हिरेमठ नावाची तिशीतली बाई एका दुपारी दुकानात आली. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याच्याबद्दल फोनमध्ये बोलून ठेवायचे. ते बोलणं इंटरनेटवरून इकडं यायचं आणि इथल्या मुली हेडफोन लावून ते टाइप करायच्या. गावातल्या अशाच एका सेंटरमध्ये राजश्री काम करत होती. हात चांगला होता तिचा, इंग्रजीही पक्कं. पण सासूला अर्धांगवायूचा झटका आला आणि म्हातारी अंथरुणाला खिळली. नवरा विश्वास शिरोली एमआयडीसीत, फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करणारा. त्याला दिवसभर घरी राहणं शक्य नव्हतं. सेंटरमागच्या पुण्याच्या कंपनीनं राजश्रीला घरून काम द्यायची तयारी दाखवली, पण एक अट घातली. पेशंटची माहिती गुप्त असते, तेव्हा घरात वेगळी फायरवॉल पाहिजे. मॉडेममध्ये असते तेवढी चालणार नाही. पुढच्या सोमवारी आमचा माणूस तपासेल. नसेल तर काम बंद.

"मॅडम, एवढं काम गेलं तर मला दुसरं काय जमणार घरात बसून? पापड लाटायचे?" ती म्हणाली. रडत नव्हती. चिडली होती.

फायरवॉल म्हणजे काय ते सांगते. इंटरनेटची तार सरळ कॉम्प्युटरला जोडली की जगातला कुणीही, कुठूनही येऊन त्याचं दार ढकलून बघू शकतो. ढकलतातही, रोज. फायरवॉल म्हणजे त्या दारातला राखणदार. आतून आपण कुणाला हाक मारली तर त्याचं उत्तर आत सोडायचं. न बोलावता जो येईल त्याला बाहेरच्या बाहेर परत लावायचं. हे काम करणारे तयार डबे मिळत, पण ते कंपन्यांसाठी, त्यांच्याच भावात. परदेशातल्या काही हौशी मंडळींनी मात्र असं सॉफ्टवेअर केलं होतं की एखाद्या जुन्या, टाकाऊ कॉम्प्युटरवर ते बसवलं की त्याचाच राखणदार होतो. घरगुती वापरासाठी फुकट. राजश्रीचं काम घरगुती म्हणायचं की धंद्याचं, असा मला प्रश्न पडला. मी त्यांना मेल करून विचारलं. उत्तर आलं, एक बाई, तिचं घर, तिचा एक कॉम्प्युटर, खुशाल वापरा.

सॉफ्टवेअर फुकट होतं, पण त्याला कुठलाही कॉम्प्युटर चालत होता असं नाही.

बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतलं मशीन मी तिच्यासाठी आणलं. आत झुरळांची वस्ती होती. ते झाडून पुसून, सॉफ्टवेअर बसवून तिच्या घरी नेलं. पहिल्या खोलीत अव्वाची, म्हणजे सासूबाईंची खाट. मशीन ठेवायला जागा त्या खाटेखालीच.

"यार बंदार? कोन आलंय गं?" अव्वा विचारायच्या. माहेर गडहिंग्लजच्या पलीकडचं, त्यामुळे निम्मं बोलणं कानडी. एका बाजूचं तोंड वाकडं झालेलं, पण आवाज खणखणीत.

"कॉम्प्युटरच्या मॅडम आल्यात, अव्वा."

"परत? काल आलत्या की!"

म्हातारीचं खरं होतं. मी रोज जात होते. पहिली कटकट अशी, की भारनियमनात वीज जायची आणि परत आली की मशीन मध्येच थांबून राहायचं. मी मॉनिटर जोडून बघितला. मशीनचं म्हणणं होतं, मला की-बोर्ड सापडत नाही, पुढं जायचं असेल तर की-बोर्डवरचं बटण दाबा. राखणदाराच्या मशीनला की-बोर्ड कशाला लागतो? म्हणून मी तो काढून ठेवला होता. आता की-बोर्ड नसला तरी चालू हो, अशी सेटिंग करून दिली. वीज गेली की ते तीही विसरायचं, कारण आठवण ठेवणारी आतली बिल्ल्यासारखी बॅटरी मेली होती. बॅटरी बदलली. विश्वास कामावरून येऊन दारातच बसायचा, अंगावर काळी वाळू, आणि माझं काम बघायचा. एकदा म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं साचा एकदा नीट बसला की माल नीटच निघतो. तुमच्या ह्याचं काय खरं न्हाय."

मला राग आला. मी परत खाटेखाली शिरले.

खरी अडचण होती ती नेटवर्क कार्डाची. फायरवॉलला अशी दोन कार्डं लागतात. एक बाहेरच्या तारेचं, एक आतल्या तारेचं. कुठली कार्डं चालतात ते सॉफ्टवेअरवाल्यांनी सांगितलं होतं. त्यातलीच कार्डं मी शाहूपुरीतून आणली. एकच दुकान, सारखे खोके, नंबरही तोच. एक चाललं, दुसरं मशीनला काही केल्या दिसेना. उघडून भिंगानं पाहिलं तर दोन्हींवरची चिप वेगळी. बनवणाऱ्यांनी मधल्या मध्ये स्वस्तातली चिप घातली आणि खोका तोच ठेवला. हा प्रकार मला नवा नव्हता, तरी दर वेळी तितकाच जीव उबगायचा. मग दुसऱ्या कंपनीचं आणलं. ते दिसलं, चाललं, आम्ही चहा प्यायलो, आणि राजश्रीनं मोठी फाइल उतरवायला घेतली तसं मुकाट बंद पडलं. चालतच नाही त्या वस्तूपेक्षा थोडं चालून बंद पडणारी वस्तू वाईट. ती माणसाला आशेला लावते.

मी दुकानातून त्या सॉफ्टवेअरवाल्या मंडळींना पुन्हा लिहिलं. तिकडच्या कुणीतरी मनापासून उत्तर दिलं, की भारतात मिळणाऱ्या नव्या कार्डांचं आम्ही सांगू शकत नाही, पण अमुक एक जुनं कार्ड मिळालं तर डोळे मिटून घाला. ते कार्ड बाजारातून केव्हाच गेलं होतं. कोल्हापुरात सगळीकडं फिरले. मग आठवलं, राधानगरी भागातल्या एका दूध संस्थेला मी काही वर्षांपूर्वी दोन कॉम्प्युटर जोडून दिले होते. एक दूध घ्यायच्या खिडकीत, दुसरा आत सेक्रेटरींच्या खोलीत. त्यातल्या खिडकीतल्या मशीनमध्ये तेच कार्ड मी माझ्या हातानं बसवलं होतं.

शनिवार होता. एसटीनं निघाले. तिकडचा पाऊस छत्रीला जुमानत नाही, म्हणून नवी कार्डं स्टीलच्या जेवणाच्या डब्यात घालून नेली. सेक्रेटरी शंकरराव, पन्नाशीचे, टोपी, अंगात स्वेटर, सकाळचं दूध आटपून निवांत बसले होते. मी येण्याचं कारण सांगितलं. जुनं कार्ड मला द्या, त्या बदल्यात नवं कोरं घालून देते.

"नवं देतासा आनि जुनं नेतासा?" त्यांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं. "जुन्यात सोनं हाय काय?"

"सोनं नाही. पण मला तेच पाहिजे."

"पर ठराव लागंल की ताई. संस्थेचा माल हाय त्यो. उद्या कमिटी म्हनंल, शंकऱ्यानं मशीनचं काळीज काढून विकलं."

कमिटी बसणार होती पुढच्या महिन्यात. मी राजश्रीचं नाव घेतलं नाही, फक्त काम अडलंय म्हटलं. निदान बसवून तर बघू, असं मी म्हटल्यावर त्यांनी परवानगी दिली. मी जुनं कार्ड काढलं, नवं घातलं. आणि माझ्याच धंद्यानं मला गाठलं. प्रत्येक कार्डाला ड्रायव्हर लागतो, म्हणजे हे कार्ड कसं चालवायचं ते मशीनला सांगणारं छोटं सॉफ्टवेअर. नव्या कार्डाचा ड्रायव्हर सीडीवर, आणि संस्थेच्या मशीनला सीडी घालायची सोयच नव्हती. माझ्याजवळ एक पर्यायी फ्लॉपी होती. ती घातली तर मशीन म्हणालं, मी फार जुनं आहे, हे मला समजत नाही. दुसरं कार्ड घातलं, तिसरं घातलं. एका घरचं कार्ड जुळवायला दुसऱ्या घरचं मोडून बसले होते.

तेवढ्यात संध्याकाळचं दूध सुरू झालं. किटल्या घेऊन माणसं ओळीत उभी. खिडकीतल्या मशीनचं पोट उघडं, आणि समोर ओल्या साडीत मी.

"काय पावणं, मशीन मोडलं व्हय?" ओळीतून कुणीतरी ओरडलं. "म्हशीला काय सांगू, उद्या पिळतो म्हनून?"

सगळे हसले. मी मशीन घाईनं चालू करून दिलं. काटा चालत होता, फॅट लागत होती, पावत्या निघत होत्या. आतल्या खोलीत मात्र काही जात नव्हतं. जुनं कार्ड माझ्या मांडीवर होतं. ते परत घालायचं, शेवटची एसटी पकडायची आणि राजश्रीला जमत नाही म्हणून सांगायचं. मी स्क्रू ड्रायव्हर उचलला.

दूध आटपलं तसे शंकरराव चहाचे दोन कप घेऊन आले. "ताई, खरं सांगा. कुनाला पायजे हे एवढं?"

मग सांगितलं. राजश्री, तिचं काम, खाटेवरची अव्वा, सोमवार.

"म्हंजे ती बाई घरात बसून अमेरिकेच्या डॉक्टरचं लिवती?"

"हो."

"आनि सासूचं बी सगळं तीच करती?"

"तीच करते."

त्यांनी चहा संपवला, कप बाजूला ठेवला. "न्ह्या ते कार्ड. मी हितलं रोजचं फ्लॉपीवर घिऊन आतल्या मशीनमधी घालतो. आतली खोली काय पन्हाळ्यावर हाय व्हय? ठरावाचं मागनं बगू."

मी आभार मानायला लागले तर म्हणाले, "पळा आता, गाडी चुकंल."

पुढं कितीतरी दिवस ते गृहस्थ सकाळ-संध्याकाळ फ्लॉपी घेऊन खिडकीतल्या मशीनपासून आतल्या खोलीत जात राहिले. राधानगरीच्या दमट हवेत फ्लॉपी टिकत नाही. मधून मधून त्यांचा फोन यायचा, "ताई, फ्लॉपीला बुरशी आली." मी नव्या पाठवायची. संस्थेनं नवीन मशीन घेईपर्यंत हे चाललं. एकदाही त्यांनी त्या कार्डाचा विषय काढला नाही. माझ्या मनात मात्र त्यांची ती चालत जाणारी पाठ राहिली आहे.

रविवारी कार्ड बसवलं. पहिल्या फटक्यात दिसलं. राजश्रीनं एकामागून एक मोठ्या फाइली उतरवल्या, मी मुद्दाम मेन स्विच बंद-चालू केला, पुन्हा पुन्हा. काही बंद पडलं नाही. खाटेखालून नुसता घुर्रर्र आवाज. अव्वांना तो आवडला. म्हणाल्या, मांजर बसल्यासारखं वाटतंय.

सोमवारी मी दुकान उघडलंच नाही. कंपनीच्या माणसानं अवघड काही विचारलं तर मी जवळ असावं म्हणून राजश्रीकडं जाऊन बसले. बाहेरून कसं तपासतात, कुठली दारं ढकलून बघतात, सगळं वाचून गेले होते. दुपारी फोन आला.

"हां, राजश्री मॅडम. फायरवॉल आहे ना?"

"आहे."

"सेपरेट?"

"हो सर, सेपरेट."

"ओके. उद्यापासून फाइल्स येतील."

फोन बंद. एवढंच? कुणी तपासलं नाही, कुणी दार ढकललं नाही. झुरळं झाडली, शाहूपुरी पालथी घातली, दूध संस्थेचं मशीन मोडलं, ते सगळं एका 'आहे'साठी. मी म्हटलं, "राजश्री, तू नुसतं 'आहे' म्हणाली असतीस तरी चाललं असतं गं."

ती अव्वांना कुशीवर वळवत होती. तिनं त्यांची पाठ पुसून घेतली. मग म्हणाली, "त्यांना चाललं असतं, मॅडम. रोज हेडफोन मला लावायचाय. लोकांची दुखणी घरात येणार. काय काय सांगतात ते डॉक्टर, तुम्हाला माहीत नाही."

तिनं पुढं बरीच वर्षं काम केलं. मी वर्षाकाठी एकदा जाऊन मशीनमधली धूळ काढायची. अव्वा गेल्या, त्याच खाटेवर, शेवटपर्यंत सगळ्यांना कोण आलं म्हणून विचारत. नंतर ते कामही आटत गेलं. डॉक्टरांचं बोलणं कॉम्प्युटरच ऐकून लिहायला लागले. एक दिवस कंपनीचा मेल आला, काम बंद करत आहोत, आपल्याकडील फाइली डिलीट कराव्यात. धन्यवादही होता शेवटी.

राजश्रीनं मला बोलावलं. "डिलीट केलं की खरंच जातं का?"

मी खोटं बोलू शकले असते. पण लोकांचं डिलीट झालेलं परत काढून देणं हाही माझा धंदाच होता. "नाही जात," मी म्हटलं. "मागं राहतं. डिस्कवर परत परत दुसरं काही लिहून पुसता येतं. मी करून देते."

"त्यानं सगळं जाईल? शंभर टक्के?"

"जवळजवळ," मी म्हटलं. तेवढ्यानं विश्वासला कळलं. तो मागं दारात उभा होता. "काढून द्या ती डिस्क," तो म्हणाला. "आमच्याकडं जातं शंभर टक्के."

असे आम्ही तिघं शिरोलीला गेलो. विश्वासनं सुपरवायझरला विचारून ठेवलं होतं. आम्हा दोघींना हेल्मेट दिली आणि भट्टीपासून लांब उभं केलं. राजश्री एवढ्या वर्षांत नवऱ्याच्या कामाच्या जागी कधी आली नव्हती. त्या धगीकडं, काळ्या वाळूत ओणवून बसलेल्या माणसांकडं ती बघत राहिली.

भट्टीवरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी डिस्क हातात घेऊन उलटीपालटी केली. "ॲल्युमिनियम हाय ह्यात. लोखंडात घालायचं न्हाय. सगळी हीट खराब हुईल." वितळलेल्या लोखंडाच्या एका घाण्याला ते हीट म्हणतात. म्हणजे इथंही हे ह्याला चालत नव्हतं. त्या धगीतही मला हसू आलं.

शेवटी त्यांनीच तोडगा काढला. लोखंडावरचा मळ, स्लॅग, नुकताच बाहेर ओतला होता. त्याचा लालभडक ढीग पडला होता. विश्वासनं लांब चिमट्यात डिस्क धरली आणि त्या ढिगात खोल दाबली. आधी जरा धूर झाला. मग तिच्या कडा वाकल्या, मधला भाग खचला आणि ती त्या लालीत कुठली कुठली ते दिसेनासं झालं.

राजश्रीनं पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं धुरानं असेल.

"एक म्हातारा होता," ती हळूच म्हणाली. "दोन-तीन वर्षं त्याचे रिपोर्ट माझ्याकडंच यायचे. शेवटचासुद्धा मीच टाइप केला."

"कोण होता गं? काय झालं होतं त्याला?"

तिनं मान हलवली. "ते सांगायचं नसतं, मॅडम."

विश्वास चिमटा हातात धरून तिथंच उभा होता. त्यानं ऐकलं होतं. चिमटा भिंतीला टेकवला, राजश्रीला फाटकापर्यंत सोडलं आणि उरलेल्या पाळीसाठी परत आत गेला.